दहा श्वासांना एक मणी
कुणीतरी विचारतं, की खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वैद्यकीय प्रशिक्षण देऊन काय साधणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हे करून दाखवलंय. सुईणींना मोठे आकडे मोजणं जड जायचं. मग त्यांना मण्यांचं साधन दिलं: वाळूचं घड्याळ उलटं करायचं, बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटात जास्त मणी सरकले, म्हणजे श्वास फार जलद असला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. किती साधं!

पुढे ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ही सेवा नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून आशाताई देशभर हेच काम करतात, पण त्यांचा बराचसा मोबदला अजून दर कामामागे मोजला जातो, हे मला मुळीच पटत नाही.