हाडं ठिसूळ की मऊ? वार्षिक इंजेक्शन आत्ता घ्यावं का? मदत हवी आहे

सायलीचा_मांडव:
रुग्ण बाई, वय 58, शाकाहारी. आठ महिने कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना कठडा धरूनच. डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना) उणे 2.8, त्यावरून 'ऑस्टिओपोरोसिस' (ठिसूळ हाडं) म्हणून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सांगितलंय.
रक्त: कॅल्शियम 8.1, अल्ब्युमिन 3.9, फॉस्फरस 2.1, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या घडणीशी निगडित विकर) 312, ड जीवनसत्त्व 6, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) 164, क्रिएटिनिन 0.7.
इंजेक्शन आधी की ड आधी?

लंबक:
ड आधी. इंजेक्शनची तारीख पुढे ढकला आणि हे आकडे डॉक्टरांपुढे ठेवा.

डेक्सा खनिज मोजतं. हाड मुळात कमी आहे, की आहे ते नीट भरलेलंच नाही, हे त्याला कळत नाही. नुसत्या ठिसूळ हाडांत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज सहसा ठीक असतात. इथे तिन्ही बिघडलेत आणि पीटीएच चढलंय. हे ऑस्टिओमलेशियाचं, म्हणजे मऊ हाडांचं, चित्र आहे: सळया बांधून झाल्या, काँक्रीट पडलंच नाही. उठताना हात टेकणं हीही त्याचीच खूण, कारण मांड्या-खुब्याचे स्नायू कमजोर होतात.

आत्ताचं 8.1 कॅल्शियम पीटीएच हाडातून ओढून कसंबसं टिकवतंय. झोलेड्रॉनिक नेमकं तेच ओढणं बंद करतं. मग ओठांभोवती मुंग्या, हातपाय वळणं, क्वचित फिटसुद्धा.

खलबत्ता:
लंबक यांच्याशी सहमत. डोसाबद्दल: नेहमीची पद्धत म्हणजे ड ची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, 8 आठवडे, मग डॉक्टर ठरवतील तसं महिन्याला एक. चूक होते ती इथेच. पुडी 'रोज एक' समजून घेतली जाते आणि कॅल्शियम वर जाऊन मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान सुरू होते. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. पुडी दुधातून किंवा जेवणाबरोबर घ्या, स्निग्ध पदार्थासोबत ड चांगलं शोषलं जातं.

सोबत कॅल्शियम हवंच, रोज साधारण 1000 मिग्रॅ. उपाशी हाड ड मिळाल्यावर रक्तातलं कॅल्शियम शोषून घेतं. वेष्टनावरचा आकडा नीट वाचा: 1250 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खरं कॅल्शियम 500. म्हणून दोन गोळ्या, दोन जेवणांनंतर एकेक. थायरॉइडची गोळी असेल तर 4 तासांचं अंतर.

सायलीचा_मांडव:
एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या मानेला आतल्या बाजूने बारीक आडवी रेघ आहे, दोन्हीकडे. 'जुनं फ्रॅक्चर' लिहिलंय. आणि रोज सकाळी 7 ला कोवळं ऊन घेतलं जातं, तरी ड 6 कसं?

लंबक:
दोन्हीकडे सारखी रेघ म्हणजे बहुधा लूझर झोन, मऊ हाडाची खूण. अस्थितज्ज्ञांना लगेच दाखवा, तोवर वजन उचलणं बंद आणि चालताना काठी. तिथून हाड पूर्ण मोडू शकतं.

कोवळ्या उन्हाचं आपल्याकडे फार कौतुक. पण त्या वेळी सूर्य कलता असल्याने ड बनवणारे अतिनील-ब किरण जमिनीपर्यंत जेमतेम पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, तेही उघड्या हातापायांवर. खिडकीच्या काचेतून आलेलं नाही. पण 6 वर आलेलं ड फक्त उन्हाने लवकर भरत नाही, औषध लागतंच.

खलबत्ता:
नाचणीत कॅल्शियम भरपूर, ड नाही. तेव्हा 'नाचणी सुरू केली' म्हणून पुडी सोडू नका.

पहिले काही आठवडे अल्कलाइन फॉस्फटेज आणखी वाढू शकतं, हाड भरू लागल्याचं ते लक्षण. घाबरून औषध बंद करू नका. कॅल्शियम महिन्याने, ड आणि पीटीएच तीन महिन्यांनी तपासा. ड भरूनही फॉस्फरस खालीच राहिला तर कारण वेगळं, मग मूत्रपिंडातून फॉस्फरस गळतोय का ते बघावं लागतं. फिटच्या गोळ्या चालू आहेत का? त्यातल्या काहींनी ड घटतं. वारंवार जुलाब, वजन घटणं? असेल तर सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची) तपासणीही करून घ्या.

सायलीचा_मांडव:
फिटच्या गोळ्या नाहीत. जुलाब मात्र आहेत, गहू खाल्ला की जास्त.

लंबक:
मग सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच सोडला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. सीलिअ‍ॅक निघाला तर तोंडाने घेतलेलं ड नीट शोषलं जाणार नाही, डोस बदलावा लागेल.