मदत हवी आहे: मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातले माया अवशेष, भाड्याची गाडी आणि सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि सोलापूरहून आलेले आई-बाबा ह्यूस्टनहून कान्कूनला जातोय. हातात 7 दिवस. आई-बाबांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तो प्रश्न मिटला.

समुद्रात बाबांना काडीचा रस नाही. माया लोक (तिथले प्राचीन रहिवासी) विसाच्या पटीत मोजायचे आणि शून्यासाठी शिंपल्याचं चिन्ह वापरायचे हे वाचल्यापासून "म्हणजे शून्य आपलं एकट्याचं नाही?" हा वाद घरात रोज चालू आहे.

ठरलंय ते असं: वायादोलिद गावात दोन रात्री. तिथून चिचेन इत्साचे माया अवशेष जेमतेम 45 किमी, म्हणजे सकाळी 8 ला दार उघडताच आत शिरता येईल. मधल्या मोठ्या पिरॅमिडवर हल्ली चढू देत नाहीत. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने बरंच झालं! मग मेरिदा शहरात मुक्काम करून उश्माल आणि काबाह इथले अवशेष. काबाहच्या एका भिंतीवर चाक या पावसाच्या देवाचे शेकडो मुखवटे आहेत. त्या भागात नदी नाही, विहिरीसारखे सेनोतेही नाहीत, जमिनीत टाक्या खोदून पावसाचं पाणी साठवायचे. बाबा म्हणाले, "सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको."

घोडं अडलंय कालाकमुल या माया शहराच्या अवशेषांपाशी. हायवे सोडल्यावर जंगलातून 60 किमी आत. बाबा हट्टाला पेटलेत, आई म्हणते मी गाडीत बसते. याच 7 दिवसांत ते कोंबावं का?

शिवाय:
- विमा कोणता घ्यावा? नेटवर भाडं संशयास्पद स्वस्त दिसतंय.
- अंधार पडल्यावर गाडी चालवावी का?
- आई अंडंही खात नाही. काय मागवायचं?

---

उत्तर:

आम्ही दोन वर्षांपूर्वी फिरलो. कालाकमुल या खेपेला सोडा. त्यासाठी तिथून जवळच्या श्पुहिल गावात किमान दोन रात्री हव्यात, आणि तुमचं परतीचं विमान कान्कूनहून आहे.

नेटवरच्या भाड्यात समोरच्याच्या नुकसानीचा विमा बहुधा धरलेला नसतो, आणि मेक्सिकोत तो कायद्याने लागतो. क्रेडिट कार्डाचं संरक्षण फक्त भाड्याच्या गाडीपुरतं. समोरच्याच्या विम्याचे पैसे आधीच धरा, म्हणजे काउंटरवर भांडण नको.

रात्री अजिबात नको. प्रत्येक गावाच्या तोंडाशी 'तोपे' असतात, आपल्याकडच्या गतिरोधकांचे थोरले भाऊ; कित्येकांना रंगही नसतो. टोलसाठी रोख पेसो ठेवा. पंपावर पेट्रोल तिथला माणूसच भरतो. मीटर शून्यावर आहे ना, ते बघायचं काम बाबांना द्या.

परतताना घड्याळ सांभाळा: कान्कूनचं किंताना रो राज्य युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे. आमचं विमान त्यातच थोडक्यात वाचलं.

आईंसाठी: राजम्यासारख्या काळ्या बियांत डुकराची चरबी घालतात, म्हणून "सिन मांतेका" (चरबीशिवाय) पाठ करून ठेवा. मक्याच्या तोर्तिया (पातळ भाकऱ्या) सगळीकडे मिळतात. शेंगदाण्याची चटणी मात्र घरूनच न्या.