'झोप येत नाही' – 'अजिबात नाही': तयार प्रश्नावलीला हात लावावा की नाही?

अर्धा_रकाना

आधी माझं म्हणणं मांडते, मग भांडा.

मानसिक आरोग्यावरच्या संशोधनात लोकांनी स्वतः भरायच्या तयार प्रश्नावल्या असतात. त्या 'प्रमाणित आहेत, हात लावायचा नाही' म्हणून जशाच्या तशा उचलल्या जातात. मला हे आता पटेनासं झालंय.

आमच्या गटाने नैराश्याची एक प्रश्नावली भाषांतर करून वापरली. त्यात एक विधान होतं: 'मला झोप येत नाही.' पुढे चार पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. पहिल्याला ० गुण, शेवटच्याला ३. एका बाईंनी 'अजिबात नाही'वर खूण केली. कागद परत घेताना मी सहज म्हटलं, "झोप चांगली लागते म्हणजे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, तेच तर लिहिलंय. अजिबात नाही येत."

ज्यांना ३ मिळायला हवे होते त्यांना ०! गठ्ठ्यात असे शून्य आणखी किती होते, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण बाकीच्यांना आम्ही विचारलंच नव्हतं.

माझं म्हणणं असं की प्रश्न आपणच लिहावेत, ज्यांना विचारायचं त्यांच्या बोलीत. दहा जणांसमोर बसून ते मोठ्याने वाचून घ्यावेत, 'तुम्हाला यातून काय कळलं?' असं विचारावं, आणि मगच मोजायला घ्यावं.

मोजपट्टी

बाईंची गोष्ट खरी, पण खापर चुकीच्या डोक्यावर फोडताय. तो दोष प्रश्नावलीचा नाही, भाषांतराचा आहे. नकारार्थी वाक्यापुढे नकारार्थी पर्याय ठेवला तर मराठीत घोळ होणारच. 'झोप लागायला त्रास होणे' लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्यासाठी अख्खी पट्टी मोडायची?

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घ्या. २००१ साली क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी मांडली. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, कमाल २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करायची. हा १० कुणी हवेतून काढलेला नाही. प्रश्नावली भरून घेतली, त्यातल्या काही जणांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली आणि दोन्ही ताडून पाहिलं. तुम्ही शब्द बदललेत की तो १० तुमचा राहिला नाही. तुमच्या घरच्या प्रश्नावलीत १० म्हणजे काय? कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही.

शिवाय घरच्या पट्ट्यांनी आधीच किती गोंधळ घातलाय ते बघा. आयको फ्रीड यांनी २०१७ साली नैराश्याच्या सात नावाजलेल्या प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या. सगळी मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली आणि त्यांतली सुमारे ४० टक्के एकेकाच प्रश्नावलीत. सातच इतक्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसल्यात, त्यात तुम्ही आठवी आणणार?

अर्धा_रकाना

फ्रीड यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, ते माझ्याच बाजूचं आहे. त्या सातही 'प्रमाणित' होत्या ना? मग तो शिक्का नक्की कशाची हमी देतो?

भाषांतराबद्दल सांगते. आम्ही उलट-भाषांतरही केलं होतं. एकाने मराठीत आणलं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत नेलं. १९७० साली ब्रिस्लिन यांनी मांडलेली ही पद्धत सगळेच वापरतात. आमचं उलट-भाषांतर चोख आलं. विधान बरोबर, पर्यायही बरोबर. चूक दोघांच्या मधल्या जागेत होती आणि ती कागदावरच्या तपासणीत सापडत नाही. पेन हातात घेतलेल्या माणसाशेजारी बसावं लागतं.

विदा_वेडा

पण तुमचा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, किती आला? ०.९ च्या वर असेल तर प्रश्नावली चांगलीच आहे की.

मोजपट्टी

अरे देवा. क्रॉनबाख यांनी १९५१ साली अल्फा मांडला तेव्हा त्याची अशी पूजा होईल असं त्यांना वाटलं नसेल. एकच प्रश्न सहा वेगवेगळ्या शब्दांत विचारा, अल्फा आभाळाला टेकेल. प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच तो सांगतो. जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

अर्धा_रकाना

+१. (मोजपट्टींशी सहमत झाले, तारीख लिहून ठेवा.)

नुसता_नमुना

मी संशोधक नाही. तुम्ही लोक ज्याला नमुना म्हणता, तो मी. नात्यातल्या एका मुलीच्या अभ्यासासाठी एकदा पाच प्रश्नावल्यांचा जाडजूड गठ्ठा भरला होता, म्हणून हे दोन शब्द.

पहिली दोन पानं मी अगदी प्रामाणिक होतो. विचार करून, आठवून खुणा केल्या. तिसऱ्या पानापासून सगळं सारखंच वाटू लागलं. पाचव्या पानावर मी मधल्या रकान्यात वरून खालपर्यंत सरळ ओळ मारली. दोष माझाच, पण चहाच्या कपाइतकीही उसंत न देता एवढे प्रश्न विचारल्यावर दुसरं काय होणार?

दुसरं म्हणजे, 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?' कोण मोजतं हो? मला काल काय वाटलं ते आठवतं, आणि एखादा फार वाईट दिवस आठवतो. 'काही दिवस' म्हणजे तीन की सहा? मी आपलं साधारण चारचौघांसारखं दिसेल ते निवडलं.

मोजपट्टी

'चारचौघांसारखं' हा शब्द तुम्ही सहज वापरलात, पण त्यावर प्रयोग झालाय. १९८५ साली नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत लोकांना विचारलं, रोज किती वेळ टीव्ही बघता? एका गटाला पर्याय होते अर्ध्या तासापासून अडीच तासांहून जास्तपर्यंत. दुसऱ्याला अडीच तासांपर्यंत हा पहिलाच पर्याय आणि पुढे साडेचार तासांच्या वर. अडीच तासांहून जास्त बघतो म्हणणारे पहिल्या गटात सुमारे १६ टक्के, दुसऱ्यात सुमारे ३८. लोक पर्यायांची यादी बघून मधलं म्हणजे नेहमीचं असं धरतात आणि स्वतःला त्यात बसवतात.

आता सांगा, पर्यायांची नुसती रचना बदलल्याने एवढा फरक पडतो, तर जो तो आपापले पर्याय लिहू लागला की काय होईल? म्हणूनच मी म्हणतो, हात लावू नका.

रकान्यात सरळ ओळ मारणाऱ्यांबद्दल: त्यांना पकडायला मधूनमधून उलट अर्थाची विधानं घालतात.

अर्धा_रकाना

आणि ती विधानं नवाच घोळ घालतात. रोझेनबर्ग यांची आत्मसन्मानाची पट्टी, १९६५ची, दहा विधानं, पाच सुलट, पाच उलट. विश्लेषण केलं की कितीदा तरी दोन वेगळे गट पडतात, जणू दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या. खरं कारण बरेचदा एवढंच की 'नाही' असलेली वाक्यं एकीकडे आणि नसलेली दुसरीकडे. दमलेल्या माणसाला 'मी निरुपयोगी नाही' – 'असहमत' याचा अर्थ लावायला लावणं म्हणजे त्याची बुद्धी मोजणं झालं. गठ्ठा कमी करा, पकडायची वेळच येणार नाही.

दाराबाहेरची_खुर्ची

मी समुपदेशक आहे. तुमच्या दोघांच्या भांडणात एक प्रश्न मागेच राहिला. अक्षरशः मागे, पीएचक्यूच्या तळाशी: नववा. आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार आले का?

यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्यात. आणि मराठीत 'यापेक्षा मेलेलं बरं' हे माणूस वैतागूनही म्हणतो. एका आजींनी 'जवळजवळ रोज'वर खूण केली होती. शेजारी बसून विचारलं तर म्हणाल्या, "देवाने आता न्यावं असं रोजच म्हणते मी. वय झालं." बोलणं शांत, जेवण-झोप व्यवस्थित. त्याच आठवड्यात एका तरुणाने 'काही दिवस'वर अगदी बारीक, पुसट खूण केली होती. ती खूण मला जास्त जड वाटली, आणि बोलल्यावर ती खरंच जड निघाली.

काही संशोधक हा प्रश्न गाळून आठ प्रश्नांची आवृत्ती वापरतात. विचारल्याने मनात नसलेलं भरेल या भीतीने गाळत असाल तर ती भीती सोडा. २००५ साली न्यूयॉर्क राज्यात मॅडलिन गुल्ड यांच्या गटाने २,३०० हून जास्त शाळकरी मुलांवर हे तपासलं. आत्महत्येविषयी विचारलेल्या मुलांत ना त्रास वाढला, ना तसे विचार. पण विचारून कागद गठ्ठ्यात टाकायचा आणि गठ्ठा तीन आठवड्यांनी उघडायचा, हे मला चालत नाही. त्याच दिवशी कागद बघणारा माणूस नसेल तर तो प्रश्न विचारू नका. नाव न घेता भरून घेत असाल तर मदत कुठे मिळेल ते त्याच पानावर छापा. शेवटच्या पानावर नको, तिथवर किती जण पोचतात ते नमुनेसाहेबांनी सांगितलंच आहे.

मोजपट्टी

हे पूर्ण मान्य. पण आजींच्या उदाहरणावरून शब्द बदलायचे नाहीत, शेजारी बसून विचारायचं, हेच ना? पट्टी तीच ठेवा, भोवतीचं काम नीट करा. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

अर्धा_रकाना

नाही, आहे. तुम्ही 'भोवतीचं काम' म्हणता तेच मला आतलं वाटतं. १९९७ साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी झिंबाब्वेत शोना भाषेतली १४ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिथे दुखणं सांगताना लोक 'खूप विचार करणं' या अर्थाचा शब्द वापरतात, तो आत घेतला. बाहेरची पट्टी आणून भोवती काम करत बसले नाहीत, लोकांच्या बोलण्यातून पट्टी उभी केली.

मोजपट्टी

बरोबर, आणि त्यासाठी आधी रुग्णांशी, पारंपरिक उपचार करणाऱ्यांशी बोलून शब्द गोळा केले, मग ती तपासूनही पाहिली. तुम्ही म्हणताय दहा जणांना वाचून दाखवा आणि मोजायला घ्या. तेवढं काम करायची तयारी असेल तर माझा विरोध नाही. पण शोधनिबंधाची मुदत महिन्यावर आल्यावर 'लोकांच्या बोलीत' म्हणत आठ प्रश्न लिहिणारेच मला जास्त भेटलेत.

अर्धा_रकाना

हे मात्र लागलं. आमचीही मुदत जवळच आली होती.

बरं, दहा जण पुरत नाहीत हे मान्य करते. पण पहिल्या दहांना न विचारता हजारांना वाटू नये, यावरून मी हटणार नाही. झोपेचं विधान आता असं केलंय, फोडा: 'गेल्या १४ रात्रींपैकी किती रात्री तुम्हाला झोप लागायला त्रास झाला? आकडा लिहा.' नकार नाही, 'काही दिवस' नाही.

मोजपट्टी

१४ पैकी आकडा चांगला. पण ० ते ३ ची विभागणी गेली, म्हणजे जुन्या गुणांत मिसळता येणार नाही. आणि मध्येच जाग येऊन परत झोप न लागणं तुम्ही सोडलंत.

नुसता_नमुना

मी रात्रपाळी करतो. दिवसा झोपतो. काय लिहू?

अर्धा_रकाना

'रात्री' काढते. 'झोपायला गेल्यावर' चालेल?

नुसता_नमुना

हा चालेल. आता आठवावं लागेल तेवढं.