स्क्रीनच्या आधी माईक बघा
गावच्या शाळेत टीव्ही लावून शहरातल्या बाईंचा तास व्हिडिओ कॉलवर घ्यायचा, तर ‘नेट फास्ट असलं की झालं’ असं म्हणतात; ते अर्धंच खरं. ७२०पी, म्हणजे साध्या एचडी व्हिडिओला नेटचा २-३ एमबीपीएस वेग पुरतो, तासाला १ ते दीड जीबी डेटा जातो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या शाळांत घोडं पेंड खातं ते आवाजात. पत्र्याच्या खोलीत टीव्हीचा आवाज लॅपटॉपच्या माईकमध्ये परत शिरतो आणि ठाण्याहून शिकवणाऱ्या बाईंना स्वतःचंच बोलणं घुमून ऐकू येतं. म्यूट करावं, तर पोरं उत्तर देणार कशी? लांब वायरचा, बटण असलेला यूएसबी माईक घ्या; बोलणाऱ्याच्याच हातात तो द्यायचा, एरवी बंद. पत्र्यावर पावसाची झड बसली की मात्र काहीच चालत नाही, म्हणून गणितं आधीच पाठवून ठेवलेली बरी.

आणि वीज गेली तरी नेट चालू राहावं म्हणून राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (छोटी बॅटरी) लावा. टीव्ही इन्व्हर्टरवर, राउटर साध्या प्लगवर, हा घोळ सर्रास!