आर्थिक गुन्हे शाखेची गुन्हा नोंदण्याआधीची 'प्राथमिक चौकशी': हवी की नको?

दादरपूर्व: टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दादरच्या दालनाबाहेर ६ जानेवारी २०२५ ला गुंतवणूकदार जमले, तेव्हा कुठे शिवाजी पार्क पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. मग तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे आला. मॉइसनाइटचे (हिऱ्यासारखे दिसणारे) खडे देऊन आठवड्याला परतावा वाटणारा हा धंदा भर बाजारात चालला होता. उच्च न्यायालयानेही पोलिसांच्या दिरंगाईवर ताशेरे ओढले. ठेवीदारांची तक्रार आली की आधी खाती गोठवा, चौकशी मागाहून करा. नाहीतर पैसे हलवायला आयती मुदत मिळते.

जमाखर्च: अजिबात पटलं नाही. ललिता कुमारी निकालात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच व्यापारी तक्रारींत प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. भागीदारांची भांडणं, थकलेली बिलं यांच्या वसुलीसाठीही लोक पोलिसांकडे धावतात. चालत्या कंपनीचं खातं गोठवलं तर कामगारांचे पगार अडकतात. आणि तपास किती किचकट असतो ते पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत पाहा. ४४ कर्जखाती लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवली होती. ती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच, फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती. यादी आणि प्रणाली शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडल्याशिवाय असलं काही सापडत नाही.

दादरपूर्व: भागीदारांचं सोडा. शेकडो माणसं एकाच योजनेच्या पावत्या घेऊन येतात, त्यात भांडण कसलं? पीएमसीवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिची बडी कर्जदार असलेल्या एचडीआयएल या बांधकाम कंपनीचे प्रवर्तक अटकेत होते. मनावर घेतलं की जमतं.

ठेवपावती: तुम्ही दोघंही अटकेपाशी थांबलात. खरी रखडपट्टी त्यानंतर. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या एमपीआयडी कायद्यात (महाराष्ट्र, १९९९) मालमत्ता पोलीस शोधतात, पण जप्तीची अधिसूचना सरकार काढतं, ताबा सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि विशेष न्यायालयाने जप्ती कायम केल्यावरच लिलावाचा मार्ग मोकळा होतो. एनएसईएल या वस्तुबाजारात (नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) २०१३ साली गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी अडकले. एनएसईएलला हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०२२ उजाडलं!

जमाखर्च: म्हणूनच घाई नको म्हणतो. पैसा कुठून कुठे गेला हे कागदावर दाखवता आलं नाही, तर जप्ती न्यायालयात टिकत नाही.

ठेवपावती: मग हिशेब जाणणारी माणसं शाखेत कायमची नेमा. आमच्या प्रकरणात अधिकारी बदलला की नवे साहेब पहिल्या पावतीपासून सुरुवात करतात, आणि त्याच झेरॉक्स पुन्हा मागतात.