केरळ आणि बिहारचे आकडे
केरळात बिहारच्या चौपट अपघात होतात, म्हणून तिथले रस्ते जास्त धोकादायक, हा निष्कर्ष मला पटत नाही. 2022 साली केरळात सुमारे 43,900 अपघात नोंदले गेले आणि 4,317 माणसं गेली. बिहारमध्ये अपघात जेमतेम 10,800, पण मृत्यू 8,898! म्हणजे शंभर अपघातांमागे केरळात दहा बळी, बिहारमध्ये ब्याऐंशी. आपल्या महाराष्ट्रात साधारण पंचेचाळीस.

आता बिहारमध्ये किरकोळ अपघात होतच नसतील का? होतात, पण दुचाकी रिक्षाला घासली, गुडघा फुटला, की चार लोक जमतात, हजार-पाचशेवर मिटवतात आणि पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढत नाही. मृत्यू मात्र सहसा लपत नाही. म्हणून तुलना मृत्यूंचीच करावी, तीही लोकसंख्येशी. तशी केली तर चित्र उलटतं: लाखामागे केरळात बारा, बिहारमध्ये सात. कारण केरळात घरटी गाड्या कितीतरी जास्त. गाड्यांच्या प्रमाणात मोजलं, तर बिहार पुन्हा वर जातो. तेव्हा कोणतंही राज्य 'सुरक्षित' म्हणण्याआधी भागाकार कशाने केलाय, ते कृपया लिहा.