शिडाच्या जुन्या नावेतलं डिझेल इंजिन काढून मोटर बसवायची आहे, मदत हवी

रिवाइंडिंगवाला, पैठण

मंडळी, राम राम. धंदा मोटर रिवाइंडिंगचा, त्यामुळे विजेचं थोडंफार कळतं. नावेतलं काही कळत नाही, हे आधीच सांगतो.

मामांनी आठ वर्षांपूर्वी मुंबईहून शिडाची जुनी फायबरची नाव ट्रकवर लादून आणली. २२ फूट लांब, वजन सव्वा टनाच्या आसपास. हौस त्यांची, निस्तरायला मी. शीड ठीक आहे, पण आतल्या ९ एचपीच्या डिझेल इंजिनाने आता हात टेकलेत. हॅण्डल मारून खांदा भरून येतो, तळातल्या पाण्यावर कायम काळा तवंग, शिडाच्या कापडालासुद्धा डिझेलचा वास. मागच्या महिन्यात नाथसागरात मधोमध बंद पडलं. पश्चिमेचा वारा सुटलेला, लाटा धरणाच्या दगडी पिचिंगकडे (भिंतीच्या उतारावरच्या दगडांकडे) ढकलायल्या. मामा शांतपणे शीड चढवत म्हणाले, "नाव वाऱ्याची हाय, इंजन पाहुणा हाय."

तर पाहुणा बदलायचाय. बेत असा: ई-रिक्षाची ४८ व्होल्ट, १.२ किलोवॅटची बीएलडीसी (बिनब्रशची डीसी) मोटर, कंट्रोलरसकट. इंजिनासोबत गिअरबॉक्सही काढायचा आणि बेल्टने ३ ला १ फेरे कमी करून मोटर प्रोपेलरच्या (पाण्यातल्या पंख्याच्या) जुन्याच शाफ्टला जोडायची. बॅटरी म्हणजे दुकानात पडलेल्या इन्व्हर्टरच्या चार ट्युब्युलर, १५० एएचच्या (अँपिअर-तासाच्या). कागदावर ७.२ युनिट होतात.

इंजिन ९ एचपीचं आणि मोटर दीड एचपीची, नाव हलंल का? गावात ज्याला विचारावं तो हसायलाय. आणि वारा पडला तर ५-६ किलोमीटर जाऊन यायला बॅटरी पुरेल का? जलाशय पक्षी अभयारण्यात येतो, परवानग्यांचं मी वेगळं बघतोय. तो विषय इथं नको.

खाडीवाला

हसणाऱ्यांना हसू द्या. तुमच्या लांबीच्या नावेला ताशी साडेदहा किलोमीटरच्या पुढे जायचंच नसतं. तिथे ती स्वतःच्याच लाटेत अडकते, मग कितीही एचपी घाला. त्याच्या खाली वेग निम्मा केला की ताकद साधारण आठवा हिस्सा लागते. शांत पाण्यात ताशी ५-६ च्या वेगाला तुमची नाव एक किलोवॅटच्या आत चालेल. म्हणजे जाऊन-येऊन दोनेक युनिट.

पण तुम्ही अडकलात ते वाऱ्यात. पिचिंगपासून नाव उलट ओढायची तर १.२ किलोवॅट तोकडी पडेल. सलग ३ किलोवॅट देणारी मोटर घ्या. ई-रिक्षाची मोटर चढाला जोर लावते आणि उतारावर विसावते, प्रोपेलर तिला विसावू देत नाही. वर इंजिनाच्या बंद खोलीत वारा खेळत नाही, ती तापणार.

ट्युब्युलर नकोत. अर्धीच क्षमता वापरता येईल, वजन दोनशे किलोंच्या वर, आणि नाव कलली की आम्ल सांडेल. १६ सेलचा, ५१.२ व्होल्ट १०० एएचचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक म्हणजे ५ युनिट, त्यातले ४ बिनधास्त वापरा. डिझेलशी बरोबरी मात्र करू नका. दहा लिटरच्या कॅनमधून शाफ्टला २५-३० युनिट मिळतात. शीड आहे म्हणून तुमचं भागेल.

आता खरी मेख. तुम्ही गिअरबॉक्स काढताय. प्रोपेलर नावेला पुढे ढकलतो तो जोर शाफ्टमधून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. तो निघाला की तुमच्या बेतात हा जोर झेलायला कोणीच नाही. शाफ्ट पुढे सरकेल, पुलीची रेषा चुकेल, बेल्ट जाईल. थेट जोडलीत तर मोटरचं बॉल बेअरिंग.

डीसीवाला, वाळूज

एक जोड. घरातली एसी एमसीबी या लाइनवर लावू नका, डीसीची ठिणगी ती तोडत नाही. ३ किलोवॅटला साठच्या वर अँपिअर जातील. डीसी फ्यूज, तोही बॅटरीला लागूनच.

रिवाइंडिंगवाला, पैठण

डोक्याला हात लावला. बोअरच्या सबमर्सिबलमधलं थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टच्या लांबीतला असाच जोर झेलणारं, मी आठवड्याला दोन तरी बदलतो. कार्बनची ती झिजून गुळगुळीत झालेली चकती अजून टेबलावर पडलीय, आणि इथं सुचलं नाही!

मग शाफ्टवर ठोकळ्यात दोन टेपर रोलर बेअरिंग समोरासमोर बसवतो, रिव्हर्सचा ओढही झेलला जाईल. ठोकळा फायबरवर न बोल्टता इंजिनाच्याच जुन्या लोखंडी पायांवर. चालेल ना? ट्युब्युलर विकायला काढल्या. मामांना लिथियमचा भाव अजून सांगितलेला नाही.

अजून एक, शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लॅण्डमधून (पाणी अडवणाऱ्या पॅकिंगच्या कड्यातून) थेंब पडतात. पॅकिंग आवळू का?

खाडीवाला

पाय चालतील, फक्त खालचं लाकूड कुजलंय का ते टोचून बघा. ग्लॅण्डचं तुमच्या पंपासारखंच, फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब हवेतच. उभ्या नावेत पडत असतील तर पाव आटा आवळा, जास्त नको.